शेळीच्या दुधाचं चीज

१२ जून २०१६, वुडलँड्स, सिंगापूर

काल फ्रान्सहून परत आले. बॅग उघडली तर घरभर चीजचा वास! इशिता नाक दाबून ओरडली, "आज्जी, so smelly lah!" असू दे. मला आवडतो.

जायच्या आधी विवेकचं एकच — "आई, तिकडे तुझ्या खाण्याचे हाल होतील. मराठी जेवणवाली टूर घेऊ." म्हटलं, सहासष्ट वर्षं वरणभातच खाल्लाय, पंधरा दिवस नाही खाल्ला तर मरणार नाही. गोठ्याशेजारची खोलीच घ्यायला लावली मी! ओदिलबाई, तिच्या चौदा शेळ्या आणि मी. तिला इंग्रजी येईना, मला फ्रेंच. काही अडलं नाही. दूध विरजायला, जाळीच्या वाटीत भरायला तिनंच शिकवलं. गुरुवारी गावच्या बाजारात तिच्या गाड्यामागे उभी राहून चक्क विकलंसुद्धा मी! नऊवारीतली आजीबाई बघून लोक थांबत, चाखत, घेत. पीच तर असे, की रस कोपरापर्यंत.

यांच्या घरात चाळीस वर्षं कांदासुद्धा विचारून चिरला. हे गेले, त्यालाही चार वर्षं झाली. आता विचारायचं कुणाला?

ओदिल म्हणाली, मार्चमध्ये ये, करडं होतात तेव्हा. बोटांवर महिने मोजून दाखवले तिनं. मी जाणार.

१४ जून

भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वर ते चीज. अहाहा! विवेकनेही दोनदा घेतलं.

१५ जून

चीज गायब! फ्रीजमध्ये डबा घासूनपुसून रिकामा. विवेक म्हणतो, "बुरशी आली होती, आई. फेकलं." अरे, बुरशीच असते ती! बाजारात तोलून विकत होतो आम्ही! मग म्हणे तुझं कोलेस्टेरॉल. काल दोनदा खाताना आठवलं नाही ते? खूप बोलले. जेवले नाही. सूनबाई नीता खाली मान घालून बसली होती, म्हणजे पाणी मुरतंय कुठेतरी.

१६ जून

कळलं. मी खाली फिरायला गेले असं समजून दोघं स्वयंपाकघरात बोलत होते. मी दारातच चपला शोधत होते. विवेकच्या ऑफिसातल्या फ्रेंच साहेबानं सांगितलं म्हणे — त्या चीजसाठी दूध विरजायला मारलेल्या वासराच्या पोटातला अर्क घालतात. नीता म्हणाली, "आईंना सांगू नकोस. जन्मभर अंडं शिवलं नाहीये त्यांनी. हाय खातील." विवेकचा आवाज रडवेला. तोही शनिवार करणारा, बिचारा.

गुपचूप बाहेर पडले. खाली बाकावर बसले तासभर. रडले नाही.

१८ जून

विवेकनं शुद्ध शाकाहारी चीज आणलंय. केशरी, चौकोनी! खोडरबर चावल्यासारखं लागतं. वर म्हणाला, "पुढच्या वेळी टूरच घेऊ हं आई, आपल्या जेवणाची. ते शेत नको आता." लहान मूल आहे का मी? मार्च माझा आहे. कुणाच्या बापाचं ऐकणार नाही!

१९ जून

सकाळी पोहे खाताना सांगून टाकलं. या वहीलाही सांगितलं नव्हतं.

तिकडे तिसऱ्याच दिवशी ओदिलच्या हातात छोटी बाटली दिसली. खुणेनं विचारलं, काय हे? तिनं कागदावर वासरू काढलं आणि पोटावर बोट ठेवलं. मागे जाऊन खूप रडले. मग तोंड धुऊन परत आले. त्या दिवसापासून दुधात ते थेंब मीच घातले. रोज, मोजून, माझ्या हातानं.

विवेकनं विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस, आई?"

"किती आवडीनं खात होतास रे."