गुलमोहराच्या शेंगा आणि खिडकीची खोली

२ मार्च, सकाळी ७
आजपासून रोज लिहायचं. रिटायर झालेल्या माणसाला शिस्त हवी.
सासूबाई चार वर्षं आमच्याकडे आहेत. खालची खोली, खिडकीशी पलंग, बाहेर गुलमोहर. उजेड, वारा, लागून बाथरूम. घरातली सर्वांत चांगली खोली तीच. माझं आत्मचरित्र मात्र जिन्याखाली, इस्त्रीच्या टेबलावर चाललंय. तक्रार नाही.

३ मार्च
डॉक्टर येऊन गेले. सासूबाईंचं हृदय थकलंय म्हणाले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, यंदाचा गुलमोहर फुललेला एकदा बघितला की मी सुटले. ऐकून गलबलून आलं. त्यांची शेवटची इच्छा आहे, ती पुरी करणं जावयाचं कर्तव्य. शक्य तितक्या लवकर.

४ मार्च
खोलीची मापं घेतली. सहज. पाच फुटी टेबल बसतं. काय मोजताय, असं सासूबाईंनी विचारलं. पडदे, म्हणालो.

९ मार्च
फोनवर वाचलं की शेंगा झाडाची ताकद खातात, त्यामुळे फुलं मागे पडतात. आपल्या झाडावर गेल्या वर्षीच्या हातहातभर काळ्या शेंगा अजून लटकल्यात. वारा आला की खुळखुळतात. सासूबाई म्हणतात, तेवढीच सोबत. सोबत कसली, हा सरळसरळ उशीर आहे!
माळ्याला बोलावलं. तो म्हणाला, साहेब, वाळलेल्या शेंगा काय खाणार? आपोआप गळतील, हात लावू नका. कामचुकार! त्याला दोन महिने येऊ नकोस म्हणून सांगितलं.

१६ मार्च
रोज पन्नास शेंगा काढायच्या. आज वारा होता.

१७ मार्च
वारा नव्हता. कंबर होती.

२ एप्रिल
अखेर सुरुवात. काठीला कोयता बांधला. बारा शेंगा पडल्या, त्यातली एक डोक्यात. बायको म्हणाली, या वयात हे सोंग कशाला? चांगल्या कामाला घरातूनच विरोध होतो.
टेबल ऑर्डर केलं. घाई म्हणून नव्हे. यायलाच सहा आठवडे लागतात.

१८ एप्रिल
आता शिडी वापरतो. काळ्या शेंगा संपल्या. एक सासूबाईंनी आठवण म्हणून मागून घेतली. दिली. आपलं मन मोठं आहे.
पण वर गेल्यावर एक भयंकर शोध लागला. फांद्यांच्या टोकाटोकाला हिरव्या, वाटाण्याएवढ्या गोळ्यांचे घोस! नव्या शेंगांची पिल्लं. बाळसं धरायच्या आत सगळी छाटायची. माळ्याच्या हे लक्षातही आलं नसतं.

२४ एप्रिल, सकाळी १०
शेवटची फांदी तेवढी राहिली. एकही गोळा शिल्लक ठेवणार नाही. सासूबाई खिडकीतून जोरजोरात हातवारे करतायत. गेले तीन दिवस करतायत. आशीर्वाद देत असाव्यात. आज वर गेलो की नीट नमस्कार करीन.

३ मे
शिडीवर दोन्ही हात जोडायला नको होते.
मांडीचं हाड मोडलंय. आठवडा हॉस्पिटलमध्ये गेला. तीन महिने जिना बंद.

१२ मे
रस्त्यावरचे सगळे गुलमोहर लालभडक झालेत. आपला हिरवागार. आज माळी आला. त्याने झाडाकडे बघितलं, मग माझ्या प्लॅस्टरकडे. म्हणाला, साहेब, त्या कळ्या होत्या. एवढं बोलून पाणी प्यायला आणि गेला.
हे त्याने मार्चमध्येच सांगायला हवं होतं.

१४ मे
खोली मिळाली.
जिना बंद, वरच्या मजल्यावर जाता येत नाही, म्हणून बायकोने माझा पलंग इथेच टाकला. भिंतीकडे. खिडकी सासूबाईंकडेच आहे. टेबल आज आलं, दोन पलंगांच्या मध्ये बरोबर बसलं. माप चुकलं नव्हतं. त्यावर आम्हा दोघांची औषधं आहेत.
सकाळी डॉक्टर आले. सासूबाईंचं हृदय आश्चर्य वाटावं इतकं सुधारलंय म्हणाले. मला बराच वेळ तपासलं आणि बायकोला बाहेर बोलावलं.
सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, यंदाचा फुलोरा राहिला, आता पुढच्या वर्षीचा बघूनच जाईन. तुम्हीही तोवर तब्येतीला जपा. मला रडू आलं. त्यांना वाटलं, त्यांच्या काळजीने.
आत्मचरित्राची वही जिन्याखालीच राहिली. आणून दे म्हणून तीन हाका मारल्या. बायकोला माझी हाक ऐकूच येत नाही. मग सासूबाईंनी उशाखालून ती शेंग काढून खुळखुळवली. बायको लगेच आली आणि आईला काय हवं ते विचारून गेली.