दोघांत एक अस्वल

घोरपडे पेठ, पुणे
१० ऑक्टोबर २००९

मच्छिंद्रभाऊंना जैनबचा सलाम, आणि तुम्हाला सवय आहे म्हणून नमस्कारही.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा मोबाईल बंद लागतो, म्हणून कागद-पेन घेऊन बसले. सातवीपर्यंत पालिकेच्या शाळेत मराठी शिकले, त्यानंतर रेशनच्या अर्जाशिवाय काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नका. मी अजून इद्दतीत आहे. नवरा गेल्यावर आमच्यात बाईनं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नसतं. नाहीतर स्वारगेटहून एसटी धरून मीच तुमच्या गावाला आले असते आणि समोर बसवून बोलले असते. ते तुम्हाला जास्त महागात पडलं असतं.

शाळा पुन्हा सुरू झाल्यात. ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीनं जी माणसं कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या नाकाला लावून फिरत होती, त्यांचे मास्क आता हनुवटीवर उतरलेत. ईद आली नि गेली. शेवया करायच्या नव्हत्या, पण शेजारणी देऊन गेल्या. अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो वाडगा दिवसभर झाकूनच ठेवला.

तुमचं गंमतगाव उघडलंय. इम्तियाजचे कपडे आणि डबा आणायला माझा दीर मन्सूर वारज्याच्या पुढे तिथवर जाऊन आला. म्हणाला, मोठा पाळणा रिकामाच फिरतोय. गेटवर हात धुवायला नळ बसवलेत आणि कोणी शिंकलं की शिपाई त्याला चोरासारखा बाजूला घेतो. तुमच्या मॅनेजरची ती पाटी अजून तशीच आहे: 'अस्वलाच्या पोटात गुद्दे मारू नयेत. आत माणूस आहे.' अस्वल मात्र राहिलं नाही. त्याचा सगळा पोशाख मागच्या मैदानात जाळला म्हणे. बरंच झालं.

गेटवर इम्तियाजचा मोठा फोटो लावलाय. 'मुलांचा लाडका' असं खाली लिहिलंय. अम्मी मन्सूरच्या गाडीवर मागे बसून तो बघायला गेल्या. घरी आल्यापासून येईल त्याला सांगतात, माझ्या पोराचा फोटो दारात लावलाय, येणारी-जाणारी लेकरं त्याला टाटा करतात.

तुमच्या आनंदीचा फोन आला होता. गावातल्या दुकानातून केला होता. आधी माझीच चौकशी करत बसली, मग रडायला लागली. म्हणाली, "वैनी, ह्ये गोठ्यात झोपत्यात. शकू जवळ गेली की उठून लांब जात्यात. पोरगी दारात हुबी ऱ्हाऊन बा, बा करती, पर त्येंनी तिला अजून हात लावलेला न्हाई. माझ्या हाताला इख हाय म्हणत्यात."

तेव्हापासून मला झोप नाही. भाऊ, दिवसभर परक्यांच्या पोरांना मिठ्या मारणारा माणूस तुम्ही. अस्वल झालात की रडणारं पोर हसायचं, आणि इम्तियाज घरी येऊन जळफळायचा, म्हणायचा, मच्छिंद्रच्या मिठीत काय आहे कळत नाही, माझ्याकडे आलं की तेच पोर भोकाड पसरतं. आणि त्याच माणसाची पोटची पोर दारात उभी.

आनंदीनं सांगितलं, तुमच्या मनात काय बसलंय ते. त्या रविवारी दुपारी तुम्हाला आत थंडी वाजत होती. तरी तुम्ही अस्वलाचं घामानं ओलं डोकं उतरवून इम्तियाजच्या हातात दिलंत. दुसऱ्या दिवशी तुम्ही तापानं पडलात, आठवडाभरात उठलात. तो उठला नाही. म्हणून तुम्ही त्याला मारलंत.

तुमची पद्धत मला ठाऊक आहे. पोशाख एक, माणसं दोन. एक बाहेर आला की दुसऱ्यानं लगेच आत शिरायचं, कारण बिनडोक्याचं अस्वल पोरांना दिसता कामा नये. आतला स्पंज वाळवायला वेळ कुठला? तुम्ही त्यात पावडर मारायचात, तो अत्तर लावायचा. मी त्याला म्हणायचे, तुम्हा दोघांत मिळून एकच डोकं आहे हे बाकी खरं.

आता पुढचं लिहायचं म्हणून मध्ये उठून भात टाकून आले. पोळ्याही करणार होते, पण पत्र टाळायला किती स्वयंपाक करणार?

आमच्या घरात तुमचं नाव कसं घेतलं जातं ते सांगते. त्या मच्छिंद्रनं माझं पोरगं खाल्लं, असं अम्मी म्हणतात. मातमपुर्सीला, म्हणजे दुखवट्याला, आलेल्या प्रत्येक बाईला त्यांनी हेच सांगितलं. मी तिथेच बसलेली असायचे. मी काही बोलले नाही. खरं सांगते, ऐकायला बरं वाटायचं. कोणाला तरी शिव्या द्याव्यात असं मलाही वाटत होतं, आणि तुम्ही समोर नव्हतात.

भाऊ, इम्तियाजला ताप शुक्रवारपासून होता.

लिहिलं एकदाचं. शुक्रवारी नमाजवरून आला तो अंग दुखतंय म्हणतच आला. रात्री खोकला. शनिवारी सकाळी गोळी घेऊन कामावर गेला, आणि शनिवारी पहिली पाळी त्याची होती. त्याच्यामागून तुम्ही तेच डोकं घातलंत. रविवारी अंग तव्यासारखं तापलेलं. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, पेपरात रोज येतंय, नायडू दवाखान्यात जाऊन दाखवून ये, आज राहू दे. तर हसला. म्हणाला, "फ्रेंडशिप डे आहे. आज अस्वल नाही म्हणजे लग्नात नवरा नाही. आणि डोक्याच्या आत मी खोकतोय हे कोणाला दिसतंय?" मला बाजूला सारून गेला.

त्याला तुमची थंडीही कळली होती. रात्री मला म्हणाला, मच्छिंद्रला माझंच लागलं बहुतेक, उद्या सांगतो त्याला. दुसऱ्या दिवशी तो पायऱ्या उतरूच शकला नाही. दवाखान्यात नळी घालेपर्यंत दोनदा तुमचं नाव घेतलं. मला वाटलं, मित्राची आठवण काढतोय. आता वाटतं, सांगायचं राहिलं म्हणून घेत होता.

डॉक्टरांना मी विचारलं होतं, कोणाचं कोणाला लागलं? ते म्हणाले, बाई, त्या दिवसांत अख्ख्या शहरात कोणाचं कोणाला लागलं हे कोणीच सांगू शकत नाही. बरोबरच आहे त्यांचं. एखाद्या शिंकणाऱ्या पोराकडूनच इम्तियाजला लागलं असेल. पण तुमच्याकडून लागलं नाही, एवढं मला माहीत आहे.

आणि त्या रविवारी तो ज्यांना कुशीत घेऊन फोटो काढत होता, त्या पोरांचं काय? माझ्या छातीवर खरं ओझं ते आहे. पेपरात कोणा लहान मुलाचं नाव आलं की ते पान मी चुलीत घालते, अम्मींच्या हाताला लागू देत नाही. तो वाईट नव्हता हो. त्याला वाटलं, आपण आत आहोत, कोणाला दिसत नाही, म्हणजे आपलं काही बाहेर जात नाही. इतकं साधं चुकला तो. मी त्याच्यावर रागावलेय, फार रागावलेय, आणि रागवायला तो समोर नाही.

आमच्यात मेलेल्याचं वाईट बोलू नये म्हणतात. त्याचा फोटो गेटवर आहे. अम्मींकडे त्या फोटोशिवाय आता काही नाही. म्हणून मी तोंड शिवून बसले होते. मेलेल्या माणसाचं नाव राखायचं की जित्याचा जीव, हे ठरवायला मला आनंदीचा फोन यावा लागला. तुम्ही हे पत्र कोणालाही दाखवा, मी नाही म्हणणार नाही. अम्मींना मात्र मीच सांगेन. कसं ते अजून माहीत नाही. सांगितल्यावर त्या मला या घरात ठेवतील की नाही, तेही माहीत नाही.

माझी इद्दत संपली की तुम्ही दोघं या. तुम्हाला बघून मला रडू येईल, कदाचित वाईटही बोलेन. तरी या.

आता एकच. हे पाकीट मी आनंदीच्या नावानं पाठवतेय. त्या दुकानात फोन करून तिला सांगून ठेवलंय की ते शकूच्या हातून तुम्हाला द्यायचं, आणि तुमचं वाचून होईपर्यंत पोरीला तिथून हलवायचं नाही. म्हणजे आत्ता ती गोठ्याच्या दारात उभी असेल. घाबरून, लांबच उभी असेल.

तुमच्या हाताला काही झालेलं नाही, भाऊ. मी कागद संपवतेय, तुम्ही तो खाली ठेवा आणि तिला उचला.

तुमची भाभी,
आणि एवढं सगळं लिहूनही, इम्तियाजची बायको,
जैनब