रविवारच्या नोंदी

मुलुंड, नोव्हेंबर १९५६

प्रिय फ्रेडी,

तुझी बदली झाल्यावर परवा प्रथमच टेकडीवरच्या पडक्या किल्ल्यात, तुझ्या वेधशाळेत गेले. पहारेकरी काशीरामने तुझी हवामानाच्या नोंदींची वही दाखवली. रविवारी दोनच नोंदी असतात. मी भेटायला येणार होते त्या रविवारी मात्र तू दर तासाला वारा लिहिलायस.

"कसला वारा, बाई," काशीराम म्हणाला. "साहेब दिवसभर खाली पायऱ्यांकडे बघत होते."

ताप आला, असं मी तुला कळवलं ते खोटं होतं. पायऱ्यांपर्यंत आले होते. गवत कापणाऱ्या बाईने विचारलं, "वर कोणाकडे गं?" तेवढ्यावर मी परतले.

आपल्याबद्दल आईला न सांगता हे पत्र टाकायचं नाही, असं ठरवलंय. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवायला दोनदा बसले. दोन्हीदा किल्ल्याचं नि वाऱ्याचं तेवढंच वाचलं.

तुझी,
सिसिलिया