कुऱ्हाडीचा दांडा

ती. अण्णाकाका,
टोकियोतल्या एदोगावाहून नमस्कार.

काल आमच्या ऑफिसातले लिथुआनियाचे रिमास-सान इथल्या देवळातलं पवित्र मानून दोरी बांधलेलं जुनं झाड पाहून टोपी काढून उभे राहिले. म्हणाले, "आमच्याकडेही देवाची अशी रानं होती. आम्हाला ख्रिस्ती करायला जर्मन सरदार क्रूस घेऊन शंभरावर वर्षं चालून येत राहिले. एका गढीतल्या लोकांनी तर स्वतःला जाळून घेतलं, पण शरण गेले नाहीत."

मी विचारलं, "मग रानं त्यांनीच तोडली?"

"नाही. शेवटी आमच्याच राजानं धर्म बदलला आणि स्वतः उभं राहून तोडवली."

मी त्यांना आपल्या देवराईचा फोटो दाखवला. तिथली वाळकी काडीसुद्धा कोणी घरी नेत नाही, म्हटलं.

"अजून आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

मी हो म्हणाले. देवळाच्या सभामंडपासाठी तुम्ही ती तोडायला काढलीत, हे मात्र सांगवेना.

हे पत्र पाठवायचा धीर मला होणार नाही. तुमच्यापुढे मी कधी तोंड उघडलेलं नाही. पण मेमध्ये रिमास-सान देवराई बघायला येतायत. काका, त्यांनी टोपी काढली की तुम्ही कुठे बघाल?

तुमचीच पुतणी,
नेत्रा