मंगळवारची गाणी

४ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. नमस्कार अगदी वाकून केलाय, कंबर दुखेपर्यंत.

फोनवर तू 'हं', 'बरं' आणि 'ठेवू का?' एवढ्यात मला गुंडाळतोस, म्हणून शेवटी कागद काढला. कागदावर तुला फोन ठेवता येणार नाही.

इकडे सगळं ठीक. मला मुलांच्या वॉर्डातून काढून हाडांच्या वॉर्डात टाकलंय. तिथे मुलं रडायची, इथे मोठी माणसं रडतात. पाय वर टांगलेले एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, ते सकाळी आम्हा नर्सेसची हजेरी घेतात. 'हजर' म्हटल्याशिवाय गोळी घेत नाहीत.

लिहायचं कारण मात्र वेगळं आहे. परवा भरदुपारी ड्यूटी संपवून टॅक्सीने घरी येत होते. चालकाने रेडिओ लावला आणि आईचं ते नदीचं गाणं सुरू झालं. पलीकडच्या काठावर घरातला दिवा दिसतो आणि होडी मिळत नाही, ते. दादा, डोळ्यांसमोर एकदम आपली निळी गाडी आली. बाबा चालवताहेत, आई पुढे, आपण दोघं मागे. तुला मळमळतंय म्हणून तू नाकाशी लिंबू धरून बसलायस. आईच्या बाजूची काच सारखी खाली घसरायची, ती एका हाताने धरून आई गातेय आणि बाबा चुकीच्या जागी टाळ्या वाजवताहेत म्हणून त्यांना दटावतेय, की दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा.

मी चालकाला म्हटलं, इथेच थांबवा. तो म्हणाला, की अहो ताई, तुमचा पत्ता अजून दोन चौक पुढे आहे. मी उतरलेच. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून इतकी रडले, की एक अनोळखी बाई मला पाण्याची बाटली देऊन गेली.

त्या गाण्याचं तिसरं कडवं काही केल्या आठवत नाही. शेवटच्या वर्षी आई मला सांगायची, की दर मंगळवारी हॉस्पिटलला जाताना गाडीत तुमची मैफल असते, पहिली दोन कडवी तिची आणि तिसरं तुझं. म्हणजे तुला ते पाठ असणारच. लिहून पाठव ना. आई जाऊन तेरा महिने झाले. तुझ्याकडे तिचे ते सगळे मंगळवार आहेत, माझ्याकडे ड्यूटीचे तक्ते. थोडं मलाही दे.

लोभ आहे तो वाढव, कमी तर करूच नकोस.

तुझी,
खारू

१३ मार्च

चि. खारूस,

अ. उ. आ.

पत्र पोहोचलं. इकडे ठीक. कामाचा ढीग आहे. एका वकिलांची कवळी तिसऱ्यांदा परत आली. त्यांचं म्हणणं, तोंडातून 'स' नीट निघत नाही आणि साक्षीदार हसतात. पुढचे दोन दात कणभर मागे घेऊन दिले आहेत. आता बघू. प्लास्टरच्या भुकटीने खोकला धरतो, बाकी तब्येत बरी.

कडव्याचं म्हणशील तर नीट आठवत नाही. गाण्यांची पुस्तकं दुकानात मिळतात, त्यात असेल.

गाडी विकायचा विचार आहे. एवढे महिने ताडपत्रीखाली नुसती उभी आहे. मी बसने कामावर जातो. बस बरी पडते.

जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहेच.

दादा

२१ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि.

आठवत नाही? ज्याला शाळेतला हजेरीपट अजून क्रमाने म्हणता येतो, त्याला एक कडवं आठवत नाही? थाप मारायची तर जरा तरी सजवून मारायची.

शेजारच्या काकूंना मी फोन केला होता. त्या म्हणाल्या, की तू दर रविवारी ताडपत्री काढतोस, गाडी धुतोस, आत जाऊन बसतोस आणि इंजिन सुरूही न करता बाहेर येऊन पुन्हा ताडपत्री घालतोस. अशी गाडी कोणी विकतं का रे?

वहिनी सोडून गेली तेव्हाही तू असाच मिटलास. आई म्हणायची, की दिवसभर लोकांचे दात हातात आणि स्वतःचं तोंड बंद. तेव्हा निदान आई होती तुझ्याजवळ. आता त्या घरात तुझ्याशी बोलायला फक्त कुकरची शिट्टी आहे.

आणि आता विचारतेच. शेवटच्या दिवशी काय झालं? तू मला सांगितलंस, की हॉस्पिटलच्या दारात उतरताना तिला घेरी आली आणि पाच मिनिटांत सगळं संपलं. दादा, मी नर्स आहे. तिथल्या कागदावर लिहिलेलं मला वाचता येतं. त्यावर 'आणण्यापूर्वीच मृत्यू' असं लिहिलं होतं. तेव्हा तुझा चेहरा बघून मी गप्प बसले. आता मला राहवत नाही. काहीही असलं तरी सांग. मी कोणी परकी नाही.

लोभ कर आणि या वेळी पानभर तरी लिही.

तुझी,
खारू

३१ मार्च

चि. खारूस,

अ. उ. आ.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता लिहीन ते पाठवणार आहे.

हॉस्पिटलचा आपला नेहमीचा रस्ता कारखान्यांच्या बाजूने सरळ जातो. सव्वादोन तास. त्या मंगळवारी फाट्यापाशी आलो तेव्हा आई म्हणाली, की आज तलावाच्या रस्त्याने घे. मी म्हटलं, चाळीस मिनिटं जास्त लागतील, सलाईन लावायची वेळ चुकेल. ती म्हणाली, चुकू दे, बाटली काही पळून जात नाही. मी वळलो. खरं सांगायचं तर मलाही वळायचं होतं. तेवढा वेळ ती जास्त मिळणार होती.

ते मंगळवार कसे होते, ते तुला कधी सांगितलंच नाही. गाडीतला रेडिओ बंद पडला होता, तेव्हा आईच रेडिओ. पुलावरचं गाणं वेगळं, धुराड्यापाशी आल्यावरचं वेगळं, रेल्वेचं फाटक बंद मिळालं तर त्याचंही एक ठरलेलं. फाटक उघडं मिळालं की ती हिरमुसायची. आणि दोन गाण्यांच्या मधे मी बोलायचो. तुला खरं वाटणार नाही, पण मी बोलायचो. नजर रस्त्यावर असली की बोलता येतं, समोरचं तोंड बघावं लागत नाही. तुझी वहिनी का गेली, ते मी फक्त आईला सांगितलंय, त्या गाडीत, दुसऱ्या गिअरमध्ये एक चढ चढताना. चढ संपल्यावर तिने पुढचं गाणं सुरू केलं.

त्या दिवशी तलाव दिसायला लागला तेव्हा तिने नदीचं घेतलं. दोन कडवी गायली. आवाज बारीक होता, पण सूर जागेवर. तिसरं मी घेतलं. त्यानंतरचं ध्रुवपद दोघांनी मिळून म्हणायचं असायचं. मी थांबलो. ती आली नाही. मान खिडकीकडे कलली होती. मला वाटलं, डोळा लागला. मी तिची शाल गळ्यापर्यंत ओढली आणि तिला जाग येऊ नये म्हणून आवाज खाली आणून गात राहिलो. वीस-पंचवीस मिनिटं, खारू. खड्डे चुकवत, हॉर्न न वाजवता. हॉस्पिटलच्या दारात गाडी लावून हाक मारली, तेव्हा कळलं.

मी तिच्याशेजारी बसून गात होतो आणि ती नव्हती.

ते कडवं मला पाठ आहे. पण लिहायला बसलो की हात थांबतो.

सरळ रस्त्याने गेलो असतो, तर त्या वेळी ती पलंगावर असती, डॉक्टर शेजारी असते. तू नर्स आहेस. चाळीस मिनिटांनी फरक पडला असता का? मला समजूत नको. खरं काय ते लिही.

दादा

६ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी औषधांच्या खोलीत उभ्याने वाचलं आणि दार लावून घेतलं. बाहेर मुख्याध्यापक माझं नाव पुकारत होते. मला 'हजर' म्हणता येईना.

समजूत नको म्हणालास, ती मी घालत नाही. वॉर्डाबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांना घालते ती तर नाहीच नाही. खरं ते असं, की फरक पडला नसता. ती पलंगावर नसती, दादा. तिथे तिच्यासाठी पलंगच नव्हता.

तिची फाइल माझ्याकडे आहे. तू वाचू नयेस म्हणूनच मी ती तेव्हा मागून घेतली. डॉक्टरांनी दोन महिने आधीच औषध बंद केलं होतं. आता उपयोग नाही, घरी आराम करा, असं त्यांनी तिला सांगितलं. त्यांच्या खोलीतून बाहेर येताच तिने मला फोन केला आणि तुला कळू द्यायचं नाही असं वचन घेतलं. मी चिडले. म्हटलं, मग दर आठवड्याला ही फरफट कशाला, घरी पडून राहा. ती म्हणाली, की घरी तो बोलत नाही गं. घरी तो एका खोलीत आणि मी एका खोलीत. त्याला हे सांगितलं तर तो गाडी काढणार नाही, माझ्या उशाशी बसून राहील आणि गप्प होईल. मला त्याचं बोलणं ऐकायचंय.

त्यानंतर, तो शेवटचा सोडून, नऊ मंगळवार ती तुझ्याबरोबर आली. तू खाली गाडीत थांबायचास. ती वर जायची, हातावर कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी लावून घ्यायची, म्हणजे तुला शंका येऊ नये, आणि तासाभराने खाली यायची.

आता तू मागितलंस म्हणून उरलेलं खरंही लिहिते. त्या प्रवासाने ती थकत होती. घरी राहिली असती तर कदाचित थोडे दिवस जास्त मिळाले असते. कदाचित. ते तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी तिला थांबवलं नाही.

तू आत काय घेऊन बसला आहेस, हे मला कळलं असतं तर मी वचन त्याच दिवशी मोडलं असतं. माझ्यावर हवं तेवढं रागव. फक्त रागावून गप्प बसू नकोस.

लोभ राहू दे म्हणायचा धीर होत नाही. तरी म्हणते.

खारू

११ एप्रिल

चि. खारूस,

पत्र मिळालं. तुला माहीत होतं, मला नव्हतं. दर मंगळवारी परतताना मी तिला विचारायचो, की सुई टोचताना दुखलं का गं. ती म्हणायची, मुंगी चावल्यासारखं वाटलं. त्या नऊ वेळाही तसंच म्हणाली.

सध्या मला पत्र घालू नकोस.

दादा

२८ मे

चि. खारूस,

अ. उ. आ.

दीड महिना तू खरंच पत्र घातलं नाहीस. माझं एवढं ऐकायची सवय तुला कधीपासून लागली?

काल मंगळवार होता. गॅरेजवाल्याने नवी बॅटरी बसवून दिली आणि मी गाडी काढली. सरळ रस्त्यानेच गेलो, तलावाकडे वळायचं धाडस झालं नाही. पूल आला, धुराडं आलं. तोंडातून काही फुटलं नाही. फाटक बंद मिळालं तेव्हा मात्र बाजूच्या सीटकडे बघवेना, म्हणून खाली उतरून रुळांकडे बघत उभा राहिलो. फाटक उघडल्यावर मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून बोलावलं.

हॉस्पिटलात मी आजवर दुसऱ्या मजल्यावर पाऊल टाकलं नव्हतं. नातेवाइकांना वर सोडत नाहीत, असं आईने सांगितलं होतं. तीही थाप. सगळ्यांचे नातेवाईक तिथे बसलेले होते. मला फक्त विचारायचं होतं, की तो एक तास ती कुठे असायची. विचारू कोणाला, हेच कळत नव्हतं. तेवढ्यात तिथल्या एक मावशी चादरींचा गठ्ठा घेऊन आल्या, माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, की तुम्ही निळ्या गाडीतले ना? मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं.

त्यांनी मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. तिथे खिडकीपाशी एक लाकडी बाक आहे. तिथून खालचं गाड्या लावायचं आवार दिसतं, मी गाडी लावायचो ती झाडाखालची जागा तर अगदी समोर. आई तिथे बसायची. मावशींना दाखवायची, की बघा, आता डबा काढेल, आधी गोड खाईल, लहानपणापासूनची खोड आहे. आता सीट मागे घेईल. आता बघा, त्याचे ओठ हलताहेत.

खारू, मी तेव्हा वहीतून परतीची गाणी पाठ करायचो. परतताना ती थकलेली असायची, तिला गाववत नसे, म्हणून मी एखादं नवीन गाणं सहज आठवल्यासारखं म्हणायचो आणि ती म्हणायची, अरे, हे तुला कसं रे येतं? तिला सगळं माहीत होतं. वरून बघत असायची.

शेवटच्या आठवड्यांत तिला बसवत नव्हतं. मावशींनी एका रिकाम्या पलंगावर पडायला सांगितलं, तर ती नको म्हणाली. पलंगावरून गाडी दिसत नाही, म्हणाली.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही आणि इतक्यात जाईल असं दिसत नाही. तरी सुट्टी मिळाली की ये. स्टेशनवर गाडी घेऊन येईन. बोलेनच असं कबूल करत नाही, पण रस्ता लांबचा घेईन.

मावशी कामाला गेल्यावर मी त्या बाकावर बसलो. खाली गाडी उभी होती, तिच्यात कोणी नव्हतं. मावशी जाताना सांगून गेल्या, की तास झाला की आई गुडघ्यांवर हात टेकून उठायची आणि दर वेळी म्हणायची, चला, पोरगं वाट बघून कंटाळलं असेल.

मी कधीच कंटाळलो नाही गं. एकाही मंगळवारी नाही. तेवढं तिला सांगायचं राहिलं.

तुझ्यावर रागावलेला, आणि लोभ होता तेवढाच असलेला,
दादा