मानेमागची गाठ

प्रिय मयुरा,

सप्रेम जयभीम. चारुशीलाबाईंनी तुला आधी जवसाच्या चटणीचा डबा दिला असेल, मग मुंगवड्या आणि शेवटी कापडात गुंडाळलेलं हे पाकीट. त्या माझ्याच शाळेत शिकवतात. त्यांचा मुलगा तुझ्या विद्यापीठापासून जवळच नोकरी करतो, त्याच्याकडे चालल्या आहेत. पाकीट घेताना त्यांनी मला चिडवलं, की पोरीशी रोज फोनवर बोलता, आता पत्रात आणखी काय उरलं? मी म्हटलं, आजीचे निरोप आहेत, फोनवर मावत नाहीत. ते अगदीच खोटं नाही. पण खरं कारण असं की काही गोष्टी फोनमध्ये लिहायची मला भीती वाटते. विमानतळावर फोन उघडून बघतात, असं इथे सगळेच सांगतात. कागदाकडे कोणाचं लक्ष जाणार? तरी वाचून झाल्यावर हे जपून ठेवू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा तुला पत्र लिहिते आहे आणि तेही फाडून टाक म्हणते आहे.

इकडे ऊन चढलं. बाबांनी कूलर खाली उतरवून नवी खस लावली, त्यामुळे घरभर तो तुझ्या आवडीचा ओला वास आहे. इंदोऱ्यात जयंतीची तयारी सुरू झाली, आपल्या गल्लीत निळ्या पताका लागल्या. बाबा मात्र यंदा वर्गणी देऊन घरी आले, मंडळात बसले नाहीत. तुला व्हिसा मिळाला त्या दिवशीचा फेसबुकवरचा फोटो त्यांनी काढून टाकला. कॉलेजात जयंतीच्या कार्यक्रमात तू भाषण केलंस, तो फोटोही काढला. मी विचारलं तर म्हणाले, जागा भरली होती. फेसबुकवर जागा भरत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. मी पुढे काही विचारलं नाही, कारण आदल्याच दिवशी मी माझ्या फोनमधून तुझे फोटो काढले होते.

महाल भागातल्या मनोहररावांचा सुमंत परत आला. बाबांच्या ऑफिसातले मनोहरराव, त्यांचा पुतण्या. तुझ्यासारखाच शिकायला गेला होता. एक ईमेल आली, व्हिसा रद्द. कशामुळे, ते त्यालाही नीट माहीत नाही. कोणी म्हणतं कसल्याशा सभेत उभा होता, कोणी म्हणतं सभेच्या मागून नुसता चालला होता. आम्ही भेटायला गेलो. त्याची आई प्रत्येकाला दारातच हळूच सांगते, की सुट्टीवर आलाय, जास्त विचारू नका. मुलगा चांगला बोलला, चहा त्यानेच आणला. मग कपबशा उचलताना त्याच्या खिशातून किल्ली पडली. त्याची सायकल तिकडे वसतिगृहाच्या बाहेर कुलूप लावून तशीच उभी आहे म्हणे. किल्ली उचलून त्याने पुन्हा खिशात ठेवली.

तुला आठवतं, तू तिकडे गेल्यावर पहिल्यांदा मातीचे नमुने घ्यायला शेतावर गेली होतीस? तिथूनच व्हिडिओ कॉल केलास. केवढी खूश होतीस. आजीला फोन द्यायला लावलास आणि म्हणालीस, आजी बघ, इथे पण बायका तोंड बांधून वेचतात. स्ट्रॉबेरीच्या लांबच लांब ओळी आणि त्यात वाकलेल्या बायका, तोंडाला रुमाल, डोक्यावर टोपी. आजी किती वेळ फोन डोळ्यांजवळ धरून बघत होती. मग तिने एकच विचारलं, "त्यायले पाणी कोण देते वं?" विचारून सांगते, म्हणालीस. त्यानंतर तू आम्हाला स्ट्रॉबेरीचं काहीच सांगितलं नाहीस. अभ्यास, लायब्ररी, थंडी, भात करपला, एवढंच. तू विचारलंस की नाही, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटलं विसरली असशील. खरं सांगायचं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं.

तुमच्या विद्यापीठातल्या मुलांचं वर्तमानपत्र मी रोज सकाळी शाळेत जाण्याआधी फोनवर वाचते. तुला हे माहीत नसेल. तुझ्या गावचं हवामान आणि ते वर्तमानपत्र, हे दोन्ही बघितल्याशिवाय मला डबा भरायला सुचत नाही. त्यात तो फोटो आला. भोजनगृहाच्या बाहेर मुलं-मुली रांगेत उभी, हातात स्ट्रॉबेरीची रिकामी खोकी, कोणी ओरडत नाही, कोणी वाट अडवत नाही. खाली लिहिलं होतं, की शेतावरच्या मजुरांना सावली आणि पाणी मिळेपर्यंत विद्यापीठाने त्या मळ्याचा माल घेऊ नये, एवढंच मागणं आहे. सगळ्यांची तोंडं झाकलेली. बहुतेकांनी दुकानातले मास्क लावलेले. एकीने मात्र ओढणी बांधलेली. आपल्याकडे मुली गाडीवर निघताना बांधतात तशी, डोळे तेवढे उघडे. फोटो बाजूने घेतलेला होता. गाठ मानेच्या मागे, जरा डावीकडे, आणि सुटं टोक आत खोचून केलेला तो छोटा फासा, एका हाताने ओढला की सुटतो. ओढणी निळी, पांढऱ्या ठिपक्यांची.

मी गॅस बंद केला आणि खाली बसले. तुला अॅक्टिव्हा घेऊन दिली तेव्हा ती गाठ मीच शिकवली होती, आरशासमोर तुझ्या मागे उभी राहून. तू वैतागायचीस, की सगळ्या मुली पटकन पीळ घालून निघतात आणि माझी आई अर्धा तास लावते. पण टोक आत गेलं की वाऱ्यावर उडत नाही, चाकात जात नाही, म्हणून मी हट्ट धरला. फोटोत तुझं कपाळसुद्धा दिसत नव्हतं, मयुरा, आणि मला तू लगेच सापडलीस. त्यानंतर दिवसभर वर्गात एकच विचार येत राहिला. मला सापडली, तर आणखी कोणालाही सापडेल.

संध्याकाळी मी फोटो आजीला दाखवला. काही न सांगता, नुसता धरला समोर. मला वाटत होतं तिने म्हणावं, ही कोणीतरी दुसरी आहे. तिने बघितलं आणि म्हणाली, "हे तं आपली मयुरी होय. माह्याच हातची गाठ आहे ते." आणि हसली. मला माझ्याच आईचा राग आला. तिच्या त्या पाण्याच्या प्रश्नापासूनच हे सगळं सुरू झालं होतं. मी जरा तोडूनच बोलले, की हसतेस काय, सुमंतचं झालं ते तिचं झालं तर? मग तिने मला एक गोष्ट सांगितली. अर्धीमुर्धी मला माहीत होती, ती आता पूर्ण कळली.

गाव सोडून आम्ही कामठीला माझ्या मामाकडे आलो तेव्हा मी लहान होते. मला आठवतं ते एवढंच, की आजीच्या डोक्यावर भांड्यांचं गाठोडं होतं आणि मी तिच्या पातळाचं टोक धरून चालत होते. का निघालो, ते कोणी सांगितलं नाही. झालं असं होतं, की कापूस वेचणाऱ्या बायका मजुरी वाढवून मागायला मालकाच्या फाटकासमोर जाऊन बसल्या. शिवी नाही, दगड नाही, नुसत्या बसल्या. पुढे काम मिळणार नाही या भीतीने सगळ्यांनी तोंडं फडक्याने बांधून घेतली होती. मालकाचा दिवाणजी आला, त्यांच्या मागून हळूहळू चालत गेला आणि एकेकीचं नाव घेत गेला. एकही नाव चुकलं नाही. मी विचारलं, तोंड न बघता कसं ओळखलं? आजी म्हणाली, "त्यानं आमचे तोंडं कधी पाह्यलेच नोहोते. रोज वाकल्यावर पाठीमागूनच पाहे. त्याले गाठी ठाव होत्या." कापसाच्या पऱ्हाटीत अडकू नये म्हणून टोक आत खोचायची ती तऱ्हा आजीची एकटीचीच होती. तिचं नाव त्याने सगळ्यात आधी घेतलं.

इथेच थांबणार होते. पण आजी माझ्याजवळ बाजेवर बसून आहे आणि मी काय लिहिते ते वाचून दाखवायला लावते. म्हणाली, "पुढचं बी लिहिजो वं. अर्धं काहून ठेवतं?" तर पुढचं असं, की आपलं नाव ऐकल्यावर आजीने एका हाताने तो फासा ओढला, फडकं सोडून मांडीवर ठेवलं आणि वळून म्हणाली, "ओळखलं नं दिवाणजी? मंग आता तोंडाकडे पाहून बोला." मग बाकीच्यांनीही फडकी सोडली. त्या गावात तिला पुन्हा काम मिळालं नाही. पुढच्या हंगामात मजुरी वाढली असं म्हणतात. तेव्हा आम्ही तिथे नव्हतो.

तुझा स्वभाव माझ्यावर गेला असता तर ही गोष्ट मी बिनधास्त लिहिली असती. तू तिच्यावर गेली आहेस, म्हणून लिहिताना हात थांबतो. ती उघड्या तोंडाने बसली ते तिच्या गावात, कामठी तिथून चालत गाठता येत होती. तुझ्यापासून मी किती लांब आहे ते मला नकाशात बघवत नाही. तुला काही झालं तर कोणाच्या दारात जाऊ, कोणत्या भाषेत बोलू, हे मला माहीत नाही. फोन जरा वेळेच्या आधी वाजला तरी माझ्या हातातली वस्तू सुटते.

काल गांधीबागेच्या बाजारात तुझ्यासाठी ओढणी घ्यायला गेले होते. दुकानदाराने विचारलं, ताई, कोणता रंग काढू? मी म्हटलं, बघणाऱ्याच्या लक्षात राहणार नाही असा. तो हातातला गठ्ठा खाली ठेवून म्हणाला, "असं गिऱ्हाईक पह्यल्यांदाच पाहून राहिलो मी." पण माणूस हुशार. लाल-हिरव्याच्या खालून त्याने एक राखाडी काढली, ना ठिपका ना काठ. हे पाकीट जिच्यात गुंडाळलं आहे ना, तीच. दुकानातून बाहेर आल्यावर ती कशी दिसते ते मला खरंच आठवेना, तेव्हा जरा बरं वाटलं.

तू हे सगळं सोड, असं लिहायला मी बसले होते. तसं लिहिलं आणि खोडलं. उन्हात वेचणाऱ्या बाईसाठी पाणी मागू नकोस, असं आजीच्या शेजारी बसून मला लिहवेना. तुला थांबवण्यासाठी हे पत्र नाही. एकाच गोष्टीसाठी आहे. निळी ओढणी पेटीच्या तळाशी टाक, ही राखाडी घे आणि ती गाठ पुन्हा बांधू नकोस. मानेमागे नको, टोक आत नको, फासा नको. तिकडच्या मुली कशी बांधतात ते बघ आणि तशीच बांध, अगदी त्यांच्यातलीच एक दिसशील अशी. आजी म्हणते हाताची सवय मोडत नाही. मोड. रोज आरशासमोर उभी राहून मोड. मी मात्र सकाळी ते वर्तमानपत्र उघडतच राहीन. त्यात तशीच रांग असेल, तशीच झाकलेली तोंडं असतील आणि एकेका मुलीवर बोट ठेवत मी शेवटापर्यंत जाईन. त्यातली तू कोणती, हे मला कळता कामा नये.

तुझीच,
आई