लीलानं चाटलेला दगड

४ ऑगस्ट
पाव-भाजी बांधून घेताना लीला आठवली. कॉलेजात भूशास्त्राला आम्ही दोघीच मुली. नर्मदेकाठी खडकावर डबा उघडून बसलो होतो. तिनं भाजीच्याच हातानं दगड उचलला, चाटला. जीभ चिकटली; जुन्या हाडाला चिकटते, दगडाला नाही. "हाड आहे गं. मांडीचं." डायनोसॉरचं निघालं. सर म्हणाले, "बायकांची चटक काही सुटत नाही." शोधनिबंधावर नाव एकट्या सरांचं. खाली आमचे आभार, 'डबा व इतर मदतीबद्दल'. वारण्याआधी लीलानं तो तुकडा माझ्या ओटीत घातला.

७ ऑगस्ट
शेवंताला फार बोलले. घरकामाला आली तेव्हापासून वीस वर्षं हे हाड बघतेय, आज त्याला शेंदूर फासून उंबऱ्याशी उभं केलं. "उभा दगड म्हंजी म्हसोबाच की, बाई. असा उघडा ठिवत्यात व्हय?" स्पिरिटनं पुसत बसले. जिथं लीलाची जीभ लागली, नेमकी तीच जागा लाल. भेगांतून निघत नाही. शेवटी उंबऱ्याशीच राहू दिलं.

११ ऑगस्ट
संदीप, ह्यांचा पुतण्या. धरणाकडची जमीन रिसॉर्टला द्यायचीय. माझी सही अडलीय.
"काकू, किती दिवस दगडं राखत बसणार?"
शेवंता आतून, "ल्हानपणी तुला राखला तितकी दगडं न्हाई राखत."
जाताना दार लाथेनं उघडलं.

१२ ऑगस्ट
डाव्या हातानं लिहितेय. सकाळी संदीप आणि तिघं, घण घेऊन. जीवाश्मांचं कपाट आडवं केलं. शंख, दात, लीलाच्या अक्षरातली लेबलं, सगळ्याचा चुरा. शेवंताला केसांना धरून ओट्यावर आपटलं, भुवई फुटली. माझं मनगट संदीपच्या बुटाखाली. दुसऱ्या हाताला खडक फोडायची हातोडी लागली. त्याच्या गुडघ्यावर घातली. दगड कोरडा फुटतो. हे ओलं. परत घातली. शाळेत सिस्टर म्हणायच्या, दुसरा गाल...
घणवाला उंबऱ्याशी शेंदरी हाडापुढे थबकला. चप्पल काढली. "ह्याला न्हाई हात लावायचा." संदीपला उचलून गेले.

१४ ऑगस्ट
चौकीत, "नुकसान कशाचं?" जीवाश्मांचं, म्हटलं. त्यांनी लिहिलं, 'दगड'. शेवंताला सात टाके. "आता पुसा की शेंदूर," म्हणाली. हसताना टाका ओढला तिचा.

१६ ऑगस्ट
संदीप पायावर उभा राहील की नाही, कळत नाही. लहानपणी माझ्याच मांडीवर झोपायचा. त्याच्या भावाचा निरोप, सोमवारी येतोय. सही देणार नाही. काही झालंच तर:
हाड लीलाच्या मुलीला. शेंदरासकट. लेबल मी लिहिलंय, तेच राहू दे: 'शोध लीलाचा, जिभेनं. राखलं शेवंतानं.'
वह्या कॉलेजात, भूशास्त्राच्या मुलींना. सरांचा निबंधही त्यांनाच, आभारांच्या ओळीखाली रेघ मारून.
घरात शेवंता राहील.
हातोडी कुणाला, ते सोमवारनंतर.